फिरदोसबींच्या नावावरचा घोडा

सोलापूर,
वैशाख, मंगळवार

प्रिय चांदणी,

तू करकंबला गेलीस त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज एकदम पत्र आलं म्हटल्यावर तू कान मागे टाकशील हे मला ठाऊक आहे. टाक. रागात असलीस की तू नीट ऐकतेस. घोड्याला लिहिता कसं येतं असं तिकडे कुणी विचारलंच तर सांग, आमच्या भिंतीपलीकडे संस्कृत पाठशाळा होती, आणि रोज सकाळी सहा ते नऊ पोरांचं पाठांतर माझ्या डोक्यावर पडायचं. त्यातली पोरं पुढे बँकेत लागली, एकाने मोबाइलचं दुकान टाकलं. विद्या राहिली ती माझ्याकडे. तुझं त्या पाठांतरात कधी लक्ष नसायचं. तू कडबा खायचीस, मी विभक्ती खायचो, आणि दोघांच्या पोटांकडे पाहिलं की कुणाचं बरोबर होतं ते कळतं.

इकडचं विचारशील तर ऊन तेवढं नेमाने पडतंय, बाकी कशाचंच खरं नाही. लग्नसराई भरात आहे, पूर्वभागात रोज पाच-पाच मांडव पडतायत, आणि मी या हंगामात एकही नवरदेव वाहिलेला नाही. तब्येतीची तक्रार नाही. सोळा वर्षांचा झालो तरी पाय शाबूत आहेत. अडलं ते कागदावर. ज्या मंगल कार्यालयांत आपलं जाणं-येणं, ते आता घोड्याचा दाखला मागतात: घोडा निरोगी आहे, चावत नाही, आणि अमुक माणसाच्या मालकीचा आहे. पहिल्या दोन गोष्टी मी स्वतः सिद्ध करून दाखवू शकतो. तिसरीपाशी घर अडून बसलं. बाजारातली माझी पावती मालकीणबाई फिरदोसबींच्या नावाची, आणि फिरदोसबी गेल्या. तू गेलीस त्यानंतर अडीच महिन्यांनी. तुला हे कुणी कळवलं असेल असं वाटत नाही. घोडीला कोण कळवतं. तर कायद्याने पाहिलं तर मी एका मयत बाईचा घोडा होतो, आणि आपल्या अंगणात महिनाभर एकच वाद पेटला होता, की मी आता कुणाच्या नावावर व्हायचं. प्रत्येकाला मत होतं. माझं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं ते पुढे येईलच.

आपले मालक मौलालीचाचा होते तसेच होते, म्हणजे वाईटच, पण ओळखीचे वाईट. सकाळी आधी बिडी, मग चहा, मग मी. शिवी दख्खनीत, भाव मराठीत, आणि अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक टाळायचं असलं की आपल्याला कन्नड येत नाही हे अस्खलित कन्नडमध्ये सांगायचे. माझं नाव कलेक्टर ठेवण्यामागेही दुसरं काही नव्हतं. भर रस्त्यात कुणाला तरी "ए कलेक्टर, सरक मागं" म्हणता यावं, ही त्यांची जुनी इच्छा. मारलं त्यांनी मला कधीच नाही, हे कबूल करतो. लाडही केला नाही. आणि बारा वर्षांत एकदाही ते माझ्या डाव्या बाजूने आले नाहीत. तुला आठवतं ना, तू यावरून हसायचीस. जगातला प्रत्येक घोडेवाला डावीकडून खोगीर घालतो, डावीकडून लगाम धरतो, डावीकडून स्वार चढवतो. आपले मालक सगळं उजवीकडून. नवरदेवांना त्याचं काय, त्यांना घोड्याचं डोकं कोणत्या टोकाला असतं एवढं समजलं तरी पुष्कळ. मी म्हणायचो, हट्टी माणूस आहे, शास्त्र म्हणून जे असेल त्याच्या उलट जाणार. संस्कृत शिकलेल्यांची हीच अडचण. प्रत्येक गोष्टीचा अर्थ लागतो आणि तो चुकीचा लागतो.

माझ्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. तुझ्या गळ्याखाली आहे तो देवमण; बाजारात तो दिसला की व्यापारी आधी हात जोडतात आणि मग भाव वाढवतात. माझा तो आसूढाळ. डोळ्यातून पाणी ओघळावं नेमक्या त्या जागी केस फिरलेले, आणि असा घोडा धन्याला रडवतो म्हणतात. मला विचारशील तर सगळेच घोडे धन्याला रडवतात, आणि धनी घोड्यांना, पण धन्याच्या अंगावर भोवरे कुणी तपासत नाही. म्हणून वरातीला माझ्या तोंडावर मोत्यांची झालर असायची, डावीकडे चार बोटं जास्त लांब. वधूपित्यांना वाटायचं, नवी फॅशन. त्या झालरीखालून मी किती नवरदेव मारुतीला नेऊन आणले याची गणती नाही. एका हातात लिंबू खोचलेली कट्यार, दुसऱ्या हाताने मागे बसवलेल्या भाच्याला धरलेलं, आणि खरं तर भाच्यानेच मामाला सावरलेलं. कुंभारीच्या एका नवरदेवाने तर डीजेच्या गोंधळात माझ्या मानेवर वाकून हळूच विचारलं होतं की आता इथून मागे फिरता येतं का. मी फिरलोही असतो. पण पुढे तू नाचत होतीस, तुझ्याभोवती अख्खी गल्ली नाचत होती, आणि त्या माणसाचं कल्याण की अकल्याण जे काय व्हायचं ते तुझ्यामुळे झालं.

भोवऱ्यावरून तू मला एकदाही हिणवलं नाहीस. हिणवायचो मी, तुला. आज ते कबूल करायला हवं. आठ वर्षं एका दावणीला उभं राहून मी तुला ऐकवत आलो की तू मालकांची आणि मी मालकिणीचा. तुला नशीब बघून घेतलं, मला बाईंनी मागून घेतलं. दुपारी भाकरीचा पापुद्रा घेऊन त्या यायच्या, सरळ डावीकडून यायच्या, आणि त्या भोवऱ्यातच बोट घालून खाजवायच्या. शेजारणी बघून तोंडावर पदर घ्यायच्या. फिरदोसबींचं उत्तर ठरलेलं, की अल्लाने बनाया सो बालां में ऐब कायका. माझी पावती त्यांनी कपाटात, लग्नातल्या बांगड्यांच्या डब्यात ठेवली होती. तुझी चाचांच्या खिशात चुरगळत होती. त्यावरून मी एक अख्खं तत्त्वज्ञान रचलं. सगळ्या बाजाराने अपशकुनी ठरवलेल्या घोड्याला एका बाईने सगळं माहीत असून आपल्या नावावर करून घेतलं, याला म्हणतात निवड. तुझ्यासारख्या देवमणवालीला कोणीही घेईल, त्यात काय मोठंसं. असं मी म्हणायचो. तू कडबा खात राहायचीस. आपल्यात पुढे काही घडण्यासारखं नव्हतंच, त्याची व्यवस्था निंगप्पा व्यापाऱ्याने मी तीन वर्षांचा असतानाच करून ठेवली होती. पण निदान मी तुझ्याशी बरा वागू शकलो असतो, त्याला निंगप्पाची आडकाठी नव्हती.

तुला न्यायला करकंबची माणसं आली तो दिवस मी तीन वर्षं मनात वेगळाच सांगत होतो. फिरदोसबींना तेव्हा आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला न्यावं लागायचं, घरात पैसा उरला नव्हता, आणि दोघांपैकी एक जाणार हे तुलाही कळलं होतं. ती माणसं आधी माझ्याकडे आली. उंची बघितली, दात बघितले, खूष झाली. मग एकाने तोंड डावीकडून बघितलं आणि तिघेही दोन पावलं मागे सरले. मी मान ताठ केली. मला वाटलं, यांना समजलं की हा घोडा घरचा आहे, बाईंचा आहे, याची किंमत विचारायची नसते. मग ती तुझ्याकडे वळली. तू टेम्पोच्या फळीवर चढताना मागे बघितलंस. मी बघितलं नाही. माझ्यापुढे त्या दिवशी हरभऱ्याचं घमेलं होतं, आणि निवडलेल्या घोड्याने निरोपाच्या वेळी कसं वागावं याबद्दल माझी काही मतं होती. तर चांदणी, मी शिल्लक राहिलो तो नको होतो म्हणून. एवढी साधी गोष्ट कळायला मला तीन वर्षं लागली, आणि मी पंडित.

आता गेल्या दोन महिन्यांचं सांगतो. मालकांच्या ताबीशने गेल्या वर्षी लग्न केलं. मुलगी कुंभारीची, शमशाद. आई विडी कामगार, स्वतः बारावी शिकलेली, आणि आल्या आल्या तिने अंगणातली मोरी बांधून घेतली, जी मौलालीचाचा पंधरा वर्षं उद्या बांधणार होते. तिला सातवा महिना लागलाय. ताबीश फुलांनी सजवलेली उघडी गाडी वरातीला भाड्याने देतो. त्या गाडीच्या पुढच्या बाजूला त्याने प्लास्टिकच्या घोड्याचं तोंड बसवलंय. दोन्ही डोळ्यांखाली काही नाही, गुळगुळीत. त्याचं म्हणणं साधं होतं, की घोडा माझ्या नावावर करा, दाखला काढतो, हंगाम तेवढा करू, मग कुणी घेणारा बघू. चाचा म्हणाले नाही. बरं, तुमच्या नावावर करा. त्यावर चाचांनी बिडी पेटवली. मग आत्ताच विकून टाका. त्यालाही नाही. का, ते सांगेनात. ताबीश ओरडायचा की अब्बाला धंदा करायचा नाही, विकायचं नाही, मग घोडा लोणच्याला ठेवायचाय का. मला मात्र सगळं स्पष्ट होतं. मनातल्या मनात मी त्याला समजावत होतो, बाळ, तुझ्या बापाला तुझ्या आईचं नाव त्या कागदावरून पुसवत नाही. मला ते फार हृद्य वाटलं. उजवीकडून येणाऱ्या त्या माणसाबद्दल मला तेव्हा बारा वर्षांत पहिल्यांदा माया वाटली.

दाखल्यासाठी जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर धम्मप्रिया आल्या होत्या. हात हलका, बोलणं सरळ. दात पाहिले, खूर पाहिले, छातीला नळी लावली आणि भोवऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या की केस वळलेत चाचा, बाकी काही नाही. माझ्या पोरीच्या टाळूवर दोन आहेत, दोन लग्नं होणार म्हणतात, मी म्हटलं एक तरी धड होऊ दे. शमशाद खळखळून हसली. मग डॉक्टरांनी कागद काढला आणि विचारलं, मालकाच्या जागी कुणाचं नाव घालू. ताबीश बापाकडे बघतोय, बाप बादलीकडे. आणि शमशादने, अजून ते हसू ओसरलं नव्हतं तोवर, सहज म्हटलं, "अब्बा, मेरे नाम पे कर देव ना. मैं नहीं मानती ये भोवरे-बिवरे. मेरेकू क्या होताय?"

चाचांनी बादली खाली ठेवली. आपटली नाही, अगदी हळू ठेवली. म्हणाले, "तेरी सास बी हँसते-हँसते यहीच बोली थी."

त्यानंतर ते जे बोलले ते मी तुला माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यांच्या शब्दांत मला ते पुन्हा ऐकायचं नाही. बारा वर्षांपूर्वी बाजारात मी त्यांना आवडलो. निंगप्पाने लपवलं नाही, भोवरा दाखवला, म्हणूनच तर स्वस्तात देतोय म्हणाला. चाचा विसार देऊन एस्टीने घरी आले आणि भिंतीवरून त्यांनी पाठशाळेच्या शिवकुमार गुरुजींना हाक मारली, की तुमच्या जुन्या पोथ्यांत घोड्याचं असतं ना, बघा की काय लिहिलंय. गुरुजींनी पोथी उघडली आणि सांगितलं, या भोवऱ्याने स्वामीला शोक होतो. चाचांनी विचारलं, स्वामी म्हणजे कोण, चारा घालतो तो का पावतीवर असतो तो. गुरुजी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस. हसून म्हणाले, सरकारदरबारी पावतीवरचाच की. चाचा घरात आले, तोंड उतरलेलं. घोडा मनातून जाईना आणि भीतीही जाईना. फिरदोसबी रोट्या लाटत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि पीठ लागलेले हात झटकत म्हणाल्या, एवढंच ना, मग माझं नाव टाका, मी कुठं मानते. आणि दुसऱ्या दिवशी मौलालीचाचांनी टाकलं. बायकोला काही होणार नाही याची खात्री होती म्हणून नव्हे. आपल्याला होऊ नये म्हणून. "मैं डर्‍या, और उसकू आगे कर्‍या," ते म्हणाले, एवढंच त्यांच्या तोंडचं देतो.

ताबीश म्हणाला, "अब्बा, अम्मी किडनी से गई." चाचा म्हणाले, "मालूम है. कागद पे उसका नाम मैंने लिखाया, वो बी मालूम है." डॉक्टर धम्मप्रियांनी पेनाला टोपण लावलं आणि पुन्हा येते म्हणाल्या. शमशाद मोरीच्या कट्ट्यावर बसली, दोन्ही हात पोटावर.

मी काय करत होतो विचारशील, तर मी उभा होतो. दुसरं काय करणार. पण आठ वर्षं तुला ऐकवलेलं माझं तत्त्वज्ञान त्या दुपारी माझ्याच पायांत येऊन पडलं. बाईंनी मला निवडलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या नवऱ्याला निवडलं होतं. त्याची भीती जावी म्हणून त्याच्या वाटचं विघ्न हसत हसत आपल्या नावावर करून घेतलं होतं, आणि ते विघ्न म्हणजे मी. नंतर त्या मला भाकरी घालायच्या ते काय होतं, याचा विचार मी सध्या करत नाही. खरी माया असेलही. एखादं पोर दारात टाकून गेलं की बाई त्यालाही चार दिवसांनी जीव लावतेच. आणि ते उजवीकडून येणं, ज्याला मी हट्ट समजत होतो, ते एवढंच होतं की त्या माणसाला रोज सकाळी तो भोवरा बघायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताबीश गुरुजींना हाताला धरून घेऊन आला. पाठशाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली, पण गुरुजी तिथेच मागच्या खोलीत राहतात, ऐंशी उलटली, काठी आली. त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. ते माझ्यासमोर खुर्चीवर बसले आणि घसा खाकरत म्हणाले की मौलाली, पावतीचं मी चेष्टेत म्हटलं होतं. आणि पोथ्या तर तीन आहेत, दुसरीत हाच भोवरा निर्दोष म्हटलाय आणि तिसरीत त्याचा उल्लेखच नाही. मला ते ऐकून हसू आलं, शास्त्राचा हा स्वभाव मला चांगला ओळखीचा आहे. चाचांनी गुरुजींना चहा दिला, कपबशी त्यांच्या हातात नीट बसली का ते पाहिलं, आणि मग म्हणाले, "गुरुजी, तुमी चाळीस वर्सं पोरास्नी खरं तेच सांगितलं की. मग त्याच दिशी कसा इनोद केला?" रागाने नाही विचारलं. खरोखरच जाणून घ्यायचं होतं त्यांना. गुरुजींनी तोंडाशी नेलेली बशी तशीच खाली ठेवली. जाताना ते माझ्याकडे बघून थांबले, काहीतरी म्हणणार असं वाटलं, पण संस्कृतात त्या प्रसंगासाठी काही नसावं.

त्यानंतर शुक्रवारी डॉक्टर पुन्हा आल्या आणि चाचांनी कुणाला न विचारता मालकाच्या जागी स्वतःचं नाव घालायला लावलं. मौलाली इमामसाब शेख. ताबीशला वाटलं, प्रश्न सुटला, हंगामाचा दीड महिना अजून हातात आहे. तो झालर काढून झटकायला लागला. शमशाद मात्र सासऱ्याकडे बघत उभी राहिली. तिला काहीतरी कळलं होतं. डॉक्टर गेल्यावर चाचा माझ्याकडे आले. डावीकडून आले, चांदणी. मी दचकलो, बारा वर्षांत त्या बाजूला त्यांची सावलीही पडली नव्हती. त्यांनी अख्खा तळवा माझ्या डोळ्याखाली ठेवला आणि भोवऱ्यावर दाबून धरला. हात बिडीचा, खरखरीत, गरम. आणि अगदी हळू, नमाजानंतर पुटपुटतात तसं म्हणाले, "अब मेरेपर आ."

मला कुणी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते पुढे येईल म्हणालो होतो ना. हेच मागितलं असतं, की मौलालीचाचांच्या नावावर करा. आयुष्यभर उजवीकडून वागवलं तरी मालक तेच. मिळालंही तेच. फक्त घोडा आपला म्हणून त्यांनी तो घेतला नाही. तहानलेला विहिरीवर जातो आणि बुडायचं असतं तोही विहिरीवरच जातो, आणि विहिरीला दोघांमधला फरक कळला तरी तिला काय करता येतं?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. त्या शुक्रवारनंतर पाचव्या दिवशी, भर दुपारी हौदात पाणी भरताना मौलालीचाचा अंगणात कोसळले. तेरा दिवस झाले, दवाखान्यात आहेत, नळ्या लावल्यात. ताबीश सकाळी डबा न्यायला येतो आणि माझ्यासमोरून जाताना मान खाली घालतो. भोवरे न मानणारा मुलगा तो. शमशाद चारा टाकते, पण लांबून, आणि त्या दोन हातांच्या अंतराबद्दल मी तिला दोष देत नाही, तिच्या पोटात आहे ते माझ्यापेक्षा महत्त्वाचं. मला कारणं सगळी ठाऊक आहेत. वय चौसष्ट, अंगात साखर, गोळ्या चुकवायच्या, बिडी, आणि पारा चव्वेचाळीसवर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, याला काकतालीय न्याय म्हणतात, तो मी भिंतीआडून पाठ केलाय, आणि कुणाही पंडिताशी तासभर वाद घालून मी निर्दोष सुटू शकतो. पण रोज दुपारी एकटा उभा असलो की मी मोजायला लागतो. कागदावर ज्यांनी मला आपलं म्हटलं ते दोघं होते. एक गेली, एक असा पडलाय. आणि तिसरी तू. तुझा कागद नव्हता, पण टेम्पोच्या फळीवर चढवताना तुला एकटीला यायचं नव्हतं, तू दोन पाय आत आणि दोन बाहेर ठेवून अडून राहिलीस, माझ्याकडे मान वळवून खिंकाळलीस, आणि त्याचा अर्थ "तो माझा आहे" एवढाच होता, हे मला हरभरे चावतानाही कळलं होतं. तेव्हापासून करकंबहून काहीच कळलेलं नाही. तू बरी आहेस ना, चांदणी? नाचत असशील, ऊस खाऊन सुटली असशील, मला विसरलीही असशील, त्यातलं काहीही असलं तरी चालेल. फक्त लिही. दोन ओळी पुरेत. त्या तुझ्या स्वतःच्या असाव्यात, दुसऱ्या कुणी तुझ्याबद्दल लिहिलेल्या नकोत.

तुझाच,
कलेक्टर